खोक्याचा मोठा कान

मी नवऱ्याला नावानं हाक मारते. रावजी, असं, एकेरी. आमच्या सातपूरच्या वस्तीत अजून काही बायकांना ते ऐकवत नाही. सासूबाई होत्या तोवर त्या पदर तोंडाला लावायच्या, आणि सुलाला शिंगं फुटली असं नणंद चारचौघींत बोलली. फुटली असतील. लग्न झाल्यापासून मीही ‘अहो’ म्हणत होते, ‘आमचे हे’ म्हणत होते, आणि त्यात मला कधी काही कमी वाटलं नव्हतं. पंच्याऐंशी साली नांदगावला एका संध्याकाळी ते सुटलं.

आमची गायन पार्टी होती. बाबासाहेबांची जयंती, बुद्धपौर्णिमा, दसऱ्याचा दीक्षेचा दिवस, कुणाचं लग्न, कुणाच्या पोराचं नाव ठेवणं, जिथं बोलावतील तिथं जायचं आणि गायचं. गाणारी मी. माझा धाकटा दीर जयराम पार्टीचा चालक. तारखा ठरवणं, स्टेजवर बोलणं आणि दोन गाण्यांच्या मधे लोकांना हसवत ठेवणं ही त्याची कामं. ढोलकीवर भिकन, मूळचा नांदगावकडचा. आणि पेटीवर रावजी.

माझी पट्टी काळी चार. ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, बाजाच्या पेटीची चौथी काळी पट्टी दाबली की जो सूर निघतो तो धरून मी गायचे. बायकांनाही तिथं वरच्या सुराला जाताना धाप लागते. मी जायचे आणि तिथं थांबायचे. पत्रकावर जयराम ‘काळी चारच्या सुलाबाई’ असं छापून घ्यायचा. सातवी शिकलेल्या, बालवाडीत पोरं सांभाळणाऱ्या बाईला नाक वर करून चालायला एवढं पुरतं.

रावजी कारखान्यात मशिनांची इलेक्ट्रिक पॅनेलं दुरुस्त करायचा आणि घरी आला की लोकांचे रेडिओ उघडून बसायचा. कुठल्याशा मासिकात त्याला विजेवर सूर काढणाऱ्या यंत्राची आकृती सापडली. सिंथेसायझर. मग शिफ्ट सुटली की तेच. मशिनांच्या पॅकिंगचं प्लायवूड आणलं, जुन्या रेडिओंची पोटं रिकामी केली आणि सत्त्याहत्तर साली त्यानं ते यंत्र उभं केलं. बोटं ठेवायला पट्ट्या हव्यात म्हणून पार्टीची एकुलती एक पेटी फोडून तिच्या पट्ट्या त्यात बसवल्या. मी आठवडाभर बोलले नाही. माझ्या आईच्या हातची पेटी होती ती. पेटी गेली एवढंच मला तेव्हा कळलं, तिच्याबरोबर आणखी काय गेलं ते कळायला बराच काळ जायचा होता.

वस्तीनं त्या यंत्राला खोकं हे नाव दिलं आणि तेच राहिलं. पण वाजायचं झकास. कधी सनई, कधी बासरी, कधी नुसताच असा एक आवाज की बायाबापड्या पुढं सरकून बघायच्या. समोरच्या फळीवर नॉबच नॉब होते. रेडिओचा कान पिळ म्हणतात तसे आम्ही त्यांना कान म्हणायचो. एकेका गाण्याला वेगळा आवाज, आणि एकेका आवाजासाठी सगळे कान वेगळ्या जागी. फळीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, तरी एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत रावजीची तारांबळ उडायची. तोवर भिकन ढोलकी वाजवत राहायचा आणि जयरामचे तेच ते विनोद चालायचे.

एक कान मात्र सगळ्यांपेक्षा मोठा होता. त्याचं काम आवाज बदलायचं नव्हतं, पट्टी जुळवायचं होतं. खोक्याचा सूर उन्हानं सरकायचा, स्टेजवरच्या दिव्यांनी सरकायचा. म्हणून कार्यक्रमाआधी रावजी डोळे मिटून मोठा कान हळूहळू फिरवायचा आणि मग चौथ्या काळीवर बोट ठेवून म्हणायचा, घे, तुझी काळी चार. भिकन त्यावर ढोलकी चढवायचा, मी त्यावर गळा लावायचे. आमच्यात सूर तपासायला दुसरं काही नव्हतं. खोकं म्हणेल ती काळी चार.

एक्क्याऐंशीच्या थंडीत मला खोकल्यानं धरलं. ताप गेला, खोकला गेला, पण आवाज बसला तो बसलाच. आल्याचे तुकडे चघळले, हळदीचं दूध प्यायले, बालवाडीत पोरांना खुणेनं गप्प केलं. मी घाबरले होते. गाणं गेलं तर मी कोण, हे मला कुणी सांगितलं नसतं. उन्हाळ्यापर्यंत आवाज उठला. जयंतीच्या आधी सरावाला बसले तेव्हा वरच्या सुराला गळा थोडा अडला, पुढच्या आठवड्यात कमी अडला, आणि जयंतीला तर असा मोकळा लागला की मी उतरल्यावर रडले. रावजी म्हणाला, बघ, उगाच काळजी करत होतीस. त्या दिवशी मी त्याला गोडाचा शिरा करून घातला.

त्यानंतरची चार वर्षं माझी सगळ्यात चांगली गेली. लोक म्हणायचे, बाईंच्या आवाजात आता वजन आलं. मला एकच हौस उरली होती, सामन्याची. सामना म्हणजे दोन पार्ट्या एकाच स्टेजवर समोरासमोर. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं तिथल्या तिथं गाण्यातूनच जबाब द्यायचा. आणि रिवाज असा की सवाल ज्या पट्टीत आला, जबाब त्याच पट्टीत गेला पाहिजे. नांदगावच्या चंद्रभागेचं नाव तेव्हा गाजू लागलं होतं. पंचविशीची पोर. लोक मला विचारायचे, तुमची नि तिची गाठ कधी? मी घरी येऊन रावजीला विचारायचे.

रावजीचं उत्तर ठरलेलं. सामन्यात थांबायला वेळ नसतो, मी कान पिळत बसेपर्यंत समोरची दोन कडवी म्हणून मोकळी होईल, आपलं हसं होईल. बोलणं खरंही होतं. दरवर्षी सामन्याची बोलावणी यायची आणि दरवर्षी कान आडवे यायचे.

मग चौऱ्याऐंशीला त्याच्या कारखान्यात आकड्यांवर चालणारं मशीन आलं. जयरामनं ते कुणाकडून तरी ऐकलं आणि घरी येऊन भावाला धरलं, की मशिनाला जमतं ते खोक्याला का जमू नये. रावजीनं आधी टाळाटाळ केली. पार्ट मिळत नाहीत, मुंबईला जावं लागेल, जमेलसं नाही. मी सोडते थोडीच. जेवताना तेच, झोपताना तेच. शेवटी त्यानं मुंबईहून चिप आणल्या आणि कामाला लागला. त्यानं मला समजावलं होतं: कान कुठल्या जागी आहे त्याचा एक आकडा करायचा, आकडा चिपमध्ये साठवायचा, आणि बटण दाबलं की चिपनं तो आकडा परत द्यायचा, म्हणजे कान हातानं त्या जागी फिरवल्यासारखंच होईल. सात नंबर दाबा, सनई तयार. आठ दाबा, बासरी. फळीवर छोट्या खिडकीत लाल आकडे उमटायचे. वस्तीतली पोरं खिडकीबाहेर दाटी करून बघायची.

सगळे कान त्यानं चिपला जोडले. मोठा सोडून. मी विचारलं, हा का ठेवला. म्हणाला, पट्टी हातानंच लावलेली बरी, उन्हाचा भरवसा नसतो. जयराम म्हणाला, अर्धं काम कशाला, सामन्यात पट्टी लावत बसणार का? मीही तेच म्हणाले. मी जरा जोरात म्हणाले.

रावजीनं मोठ्या कानावर हात ठेवला. मग म्हणाला, “सुला, तो एक माझ्या हातात राहू दे.”

मी म्हणाले, “तुमचं नेहमीचंच. शेवटच्या घासाला तुमचं मन मागं येतं.”

त्याला तेव्हा बोलता आलं असतं. दार बंद होतं, घरात आम्ही तिघं होतो, आणि मी ऐकलं असतं. आरडाओरडा केला असता, चार भांडी आपटली असती, पण ऐकलं असतं. मोठा कान त्यानं काढला आणि त्या जागी दोन बटणं बसवली, एक सूर चढवायला आणि एक उतरवायला, वर लाल आकड्यांची खिडकी. घरी सराव केला तेव्हा माझा गळा सुरेख लागला. खिडकीत एक्केचाळीस आकडा होता. मला तो अजून पाठ आहे.

सामना नांदगावच्या बाजाराच्या मैदानावर होता. दिवस मावळायच्या आधीच माणसं बसली होती, आजूबाजूच्या गावांहून बैलगाड्या आल्या होत्या, बायका पुढं सतरंजीवर. चंद्रभागा मला सामोरी आली, वाकून नमस्कार केला, आणि मी मनात म्हटलं, नमस्कार कर बाई, मग बघू. तिच्या पार्टीत पेटी होती. पेटीवर एक वयस्क गृहस्थ होते, शांत.

पहिला सवाल तिचा. ती माईकवर म्हणाली की बाई वडीलधाऱ्या, म्हणून पहिला सवाल मी बाईंच्या पट्टीत गाणार. काळी चार. टाळ्या पडल्या. पेटीवाल्यांनी चौथी काळी दाबली आणि ती गायली, शाळेत निघालेल्या लेकराला आई काय सांगते असा सवाल होता. चांगली गायली. मला जबाब तयार होता. त्यांच्या पेटीचा सूर अजून हवेत होता तेव्हा मी मागं वळून म्हणाले, अहो, सात नंबर, काळी चार.

रावजीनं सात दाबलं. चौथ्या काळीवर बोट ठेवलं. मी बोट बघितलं, चौथीच होती.

आणि सूर निघाला तो भलताच खाली. जिन्यात अंधार असावा, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. समोर बसलेल्यांतही कुजबुज झाली. गाणं न शिकलेल्या माणसालाही एवढं कळतं. दोन सूर एकामागोमाग एक वाजले होते आणि दोन्ही काळी चार म्हणून वाजले होते.

पेटीवाले भले माणूस. त्यांनी हात वर करून लोकांना थांबवलं आणि म्हणाले, उन्हानं मशीन उतरलं असेल बाई, चढवून घ्या, आम्ही सूर धरून ठेवतो. त्यांनी खरंच भाता ओढत सूर धरून ठेवला. मी रावजीला म्हणाले, चढवा. तो हात मांडीवर ठेवून बसला होता. भिकनकडे बघितलं तर तो ढोलकीच्या दोऱ्या चाचपत होता. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना लावली, आणि त्या क्षणी मला खोक्याचाच राग आला.

रावजी हळूच म्हणाला, “आपण आपल्या पट्टीत म्हणू, सुला.”

“आपलीच पट्टी आहे ती. काळी चार.”

मग मीच वाकले आणि चढवायचं बटण दाबलं. एक्केचाळीसचे बेचाळीस झाले, पंचेचाळीस झाले, आकडे पळायला लागले आणि सूर वर वर जायला लागला. पेटीशी जुळला तेव्हा मी बोट काढलं. लोकांनी टाळ्या दिल्या. मशीन बाईंनीच दुरुस्त केलं, असं जयराम माईकवर म्हणाला, आणि माणसं हसली.

मी गायले. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीला गळा ताणला, पण गेली. कडव्यात वरच्या सुराला चढले आणि तिथं आवाज फाटला. कापड फाटल्यासारखा, टर्रकन. मी थांबले, पाणी प्यायले, पुन्हा घेतली. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा घेणार तेवढ्यात समोरून चंद्रभागेनं ती ओळ उचलली, माझी ओळ, आणि माझ्याकडे बघत वरचा सूर लावून दिला. म्हातारीला रस्ता ओलांडायला हात द्यावा तसा. लोकांनी कितीतरी वेळ टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी ओळखते. बालवाडीत पडलेलं पोर उठून उभं राहिलं की मी त्या वाजवते.

उन्हानं उतरलेलं मशीन केसभर उतरतं. हे तीन पट्ट्या उतरलेलं होतं, आणि त्याच आकड्यावर मी घरी सुरेख गायले होते. गाणारीला हे जोडायला वेळ लागत नाही. जबाब अर्धा टाकून मी खाली उतरले तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. फक्त एक गोष्ट राहिली होती, ती मी परतीच्या टेंपोत विचारली. खोकं मधे होतं, त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. जयराम ड्रायव्हरजवळ बसला होता, मागं बघत नव्हता.

“रावजी,” मी म्हणाले, “कधीपासून?”

नाव ऐकून भिकननं मान वर केली. रावजी म्हणाला, तुझा आवाज बसल्यानंतरच्या उन्हाळ्यापासून. एकदम नाही. दर सरावाला थोडं थोडं, तू घाबरली होतीस म्हणून. आता तुझी काळी चार म्हणजे खरी पांढरी चार आहे, तीन पट्ट्या खालची. लोकांना काय फरक पडतो, लोकांना गाणं हवं असतं. सामन्याला मी नको म्हणत होतो ते याच्यासाठीच. तो सांगत राहिला आणि मी ऐकत राहिले. त्यात खोटं काही नव्हतं, प्रेमही होतं, आणि मला त्याचा गळा धरावासा वाटत होता.

मी भिकनला विचारलं, तुला माहीत होतं?

भिकन म्हणाला, “ढोलकी दरसाली उतरवतुया, मला नाय कळणार? पन बाई, आमाला वाटलं तुमाला ठाव हाय.”

म्हणजे जयरामलाही माहीत होतं. चार वर्षं पत्रकावर काळी चार छापून आणत होता, स्टेजवरून ओरडून सांगत होता, आणि मी हार घालून घेत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ माझी होती, झाकून दुसऱ्यांनी ठेवली होती, आणि आत काय आहे ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. कीव लबाडीपेक्षा वाईट. लबाड माणसाशी निदान भांडता येतं.

मला खरा जाळतो तो पुढचा विचार. त्या चार वर्षांत जे आवाजातलं वजन लोकांना आवडलं, ते पांढरी चारचं होतं. तो आवाज माझाच होता, उतरलेला आणि तरी चांगला. कुणी मला सांगितलं असतं तर मी चार दिवस रडले असते आणि मग ताठ मानेनं पांढरी चारमध्ये गायले असते. त्या टाळ्या माझ्या होत्या. रावजीनं त्या मला चोरीच्या करून दिल्या, आणि वर मी त्याला शिरा करून घातला होता.

पार्टी मोडली नाही, मी मोडले. जयरामनं दुसरी गाणारी शोधली, पुढं तयार कॅसिओही आणला, आणि मला, मोठ्या वहिनीला, अजून सणासुदीला हार पाठवतो. खोकं घरीच पडून होतं. दोन उन्हाळ्यांनी त्यातला, चिपमधले आकडे जपणारा सेल संपला आणि सगळे आकडे पुसून गेले. सात नंबर दाबलं तर नुसती घरघर. रावजीनं मला न विचारता ती बटणं काढली आणि मोठा कान पुन्हा होता तिथं बसवला. बालवाडीच्या पगारातून एक जुनी पेटी आणली आणि खोक्याशेजारी ठेवली.

आता पौर्णिमेला वस्तीतल्या विहारात मी गाते. बायका असतात, शाळेतली पोरं असतात. आधी सांगते की मी पांढरी चारमध्ये गाणार आहे, आणि मगच गाते. रावजी डोळे मिटून मोठा कान फिरवतो आणि सूर देतो. घे, म्हणतो.

मी घेत नाही. पेटी उघडते, भाता ओढते, चौथी पांढरी दाबते आणि त्याचा सूर तिच्याशी लावून बघते. सूर बरोबर असतो. आजवर एकदाही चुकीचा निघालेला नाही. तो माझ्या बोटाकडे बघत बसतो, आणि मी त्याला थोडा वेळ तसं बसू देते.